चीज किसणाऱ्याच्या मुलीचं रुखवत

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्याएवढं पार्मेझान चीज कुणी किसलेलं नाही. त्यातलं बरंचसं पार्मेझान नव्हतंच, हे मला खूप उशिरा कळलं.

म्हणजे मी कुणाला फसवत होतो असं नाही. फसवायला आधी स्वतःला माहीत असावं लागतं. मी सातवी नापास. वागळे इस्टेटमध्ये मसाल्याच्या एका कारखान्यात सुकं खोबरं किसायच्या मशीनवर होतो. तो कारखाना बंद पडला. मागच्या गाळ्यात एक शेठ परदेशी चीज मागवून, कापून-किसून हॉटेलांना पुरवायचे. मी त्यांच्याकडे गेलो. शेठ बोलले, "काय येतं?" मी बोललो, "किसता येतं." शेठ बोलले, "बास." झाली मुलाखत. खोबऱ्याचा वास हातातून जातोय तोवर चीजचा बसला. माझी बायको सुनंदा तेव्हा बोललेली, "आधी तुम्ही जवळ बसलात की सोलकढी आठवायची. आता मोजे आठवतात."

आता आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकवाल्या मॅडम बोलल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. पार्मेझान, ग्राना, पेकोरिनो यात फरक काय, एकाऐवजी दुसरं चालतं का, लोकांना कळेल." मी बोललो, मला कळलं की लिहितो. त्या बोलल्या, या आठवड्यात कळू दे, अंक छापायला जायचाय.

तर ऐका. ही सगळी किसायची इटालियन चीजं म्हणजे एका खानदानातली माणसं आहेत असं धरा.

पार्मेझान हा थोरला भाऊ. गाईचं दूध. त्याचं चाक करतात, आपल्या रिक्षाच्या चाकाएवढं गोल आणि त्याच्याहून चांगलंच जाड. ते फळीवर ठेवून देतात ते कमीत कमी वर्षभर, चांगलं असेल तर दोन वर्षं, त्याच्याहूनही जास्त. मधून मधून उलटायचं, पुसायचं, परत ठेवायचं. आपल्याकडे एवढी काळजी फक्त नोकरीवाल्या जावयाची घेतात. ते सुरीने कापलं जात नाही. एक आखूड जाड पातं घुसवायचं आणि उचकायचं, मग खडकासारखं फुटतं. आत बारीक पांढरे कण असतात, दाताखाली कुरकुरतात.

या कणांवरून माझी पहिली इज्जत गेली. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या मॅडमनी पाकीट परत दिलं. बोलल्या, "यात वाळू आहे." मी गोदामात कुणाला विचारायचं सोडून हात जोडले. बोललो, "सॉरी मॅडम, मीठ नीट विरघळलं नसेल." आणि त्या जागी त्यांना कोवळं, गुळगुळीत, स्वस्तातलं पाकीट दिलं. मॅडम खूश. "बघा, हे कसं फ्रेश आहे." शेठना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ते कण चीज मुरलं की आपोआप येतात, तीच त्याची शान. शेठ बोलले, "वसंत, बाईने सोनं परत केलं, आणि तू माफी मागून पितळ दिलंस." मी बोललो, "पण शेठ, ती खूश आहे." शेठ बोलले, "म्हणून तर मला रडू येतंय."

ग्राना हा चुलत भाऊ. तेच गाईचं दूध, तसंच चाक, पण लवकर बाहेर काढतात, चवीला नरम, खिशाला पण नरम. सॉसमध्ये घोळवायचं असेल तर पार्मेझानच्या जागी ग्राना टाका, पाहुण्याला कळत नाही. नुसतं तुकडा तोडून खायचं असेल तर कळतं. माझ्यासारख्याला तेव्हाही कळत नाही.

आणि पेकोरिनो हा घरातला तापट काका. मेंढीचं दूध. खारट असं की पहिल्यांदा जीभ मागे सरते. डोंबिवलीच्या एका पास्तावाल्याचं पार्मेझान संपलेलं, आमच्याकडे पण नव्हतं. त्याने फोनवर विचारलं, "पेकोरिनो चालेल का?" मी बोललो, "सेमच आहे. जेवढं ते टाकता तेवढं हे टाका." त्याने टाकलं. वर नेहमीचं मीठ पण टाकलं. त्या दिवशी त्याच्याकडे पास्ता कमी आणि पाण्याच्या बाटल्या जास्त खपल्या. शेवटी तो हसत बोलला, "वसंतकाका, चीजपेक्षा पाण्याची एजन्सी घ्या." तर लिहून ठेवा, पेकोरिनो टाकाल तेव्हा हात आखडता घ्या आणि मीठ डब्यातच राहू द्या.

"सेमच आहे" हे माझं लाडकं वाक्य. आमच्या घरात ते बदनाम आहे. आमच्या लग्नात सुनंदाने एक शालू सांगितलेला, मी दुसराच आणला आणि हेच बोललो. तेव्हापासून.

आता जरा महत्त्वाचं. दह्याला विरजण लागतं तसं चीजचं दूध घट्ट करायला एक रस लागतो. खऱ्या पार्मेझानला, ग्रानाला तो वासराच्या पोटातून काढलेला लागतो, आणि वासरू त्यासाठी जिवंत राहत नाही. तापट काका तर कोकराच्या पोटातला घेतात. हे मला माहीतच नव्हतं. एका केटररने विचारलं, "प्युअर व्हेज आहे ना?" मी बोललो, "चीज आहे साहेब, मटण थोडंच आहे." शेठनी मागून फोन काढून घेतला. मग त्यांनी मला बसवून सांगितलं. आपल्याकडे माळ घातलेली माणसं, जैन माणसं, हजार घरं अशी आहेत. म्हणून आमच्याकडे जास्त करून यायचं ते दुसऱ्या, शाकाहारी रसाने बनवलेलं, हिरव्या ठिपक्याचं. चव जवळपास तीच, पण त्याला पार्मेझान म्हणायचा हक्क नाही. पाकिटावर लिहितात, इटालियन पद्धतीचं हार्ड चीज. आम्ही गाळ्यात सगळ्यालाच पार्मेझान बोलायचो, जसं बिल्डर नाल्याला रिव्हर व्ह्यू बोलतो.

तर एवढं डोक्यात ठेवा, कारण पुढे माझ्या मुलीचं लग्न आहे.

मुलीचं नाव प्राजक्ता. मला इंग्रजी नावं लिहिता येत नाहीत, म्हणून हॉटेलांच्या ऑर्डरचे मेसेज माझ्या फोनवरून तीच करायची. घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात निखिल नावाचा कुक होता, कल्याणचा मुलगा. आधी तो आठवड्यातून एकदा ऑर्डर द्यायचा. मग दिवसाआड द्यायला लागला. मग रोज. पाव किलो, पाव किलो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पो अडकायचा, बर्फाच्या पेटीत पाव किलो चीज आणि बाहेर घामाघूम मी. मी शेठना अभिमानाने सांगितलं, "बघा, मी जोडलेलं गिऱ्हाईक कसं वाढलं." घरी येऊन सुनंदाला पण सांगितलं. सुनंदा भाकरी थापत होती. बोलली, "तुम्ही नाही जोडलं. तुमच्या मुलीने जोडलं. सगळ्या आळीला माहितीय. तुम्ही डिलिव्हरी करताय तेवढी करा."

मुलगा चांगला होता. आम्ही कल्याणला बोलणी करायला गेलो. निखिलची आई मंगलताई, वडील मान हलवणारे, आणि वडिलांची आई, म्हणजे आजी. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण बंद, तोंड मात्र चालू. प्राजक्ताने आधीच सांगून ठेवलेलं की माझे वडील चीज इंपोर्टमध्ये आहेत. मंगलताईंनी मला विचारलं, "इंपोर्टमध्ये म्हणजे काय करता तुम्ही?"

मी बोललो, "किसतो."

"काय?"

"चीज. हॉटेलांसाठी."

आजी बोलल्या, "दिवसभर?"

मी बोललो, "मध्ये जेवायची सुट्टी असते."

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. मंगलताई पोह्याची डिश पुढे करत बोलल्या, "किसायला माणूस ठेवतात होय. आमच्याकडे किसणी आहे."

त्या वाईट नाहीत, बोलून गेल्या. पण प्राजक्ताने पोहे खाल्ले नाहीत. परत येताना रिक्षात बोलली, "किसतो काय, पप्पा? स्टॉक बघतो बोलायचं. पर्चेस बघतो बोलायचं."

"अगं, सेमच आहे."

"नाहीये सेम." बाहेर बघत बोलली, "उद्या मी त्या घरात जाणार. भाजी जास्त तिखट झाली तरी बोलतील, किसणाऱ्याची मुलगी." थोड्या वेळाने बोलली, "रुखवतात चाक ठेवायचं. अख्खं. खरं पार्मेझान. माझा बाप काय काम करतो ते त्यांना डोळ्यांनी बघू दे."

आपल्या बायका रुखवतात काय काय मांडतात, खणाच्या बाहुल्या, लाडवांचा डोंगर, लोकरीचं तोरण. चीजचं चाक कुणी मांडलेलं मी ऐकलं नव्हतं. पण मुलीने पहिल्यांदा माझ्या धंद्यावरून काहीतरी मागितलेलं. मी छाती काढून बोललो, "एवढंच ना?" डोंबिवली यायच्या आत तिने दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकलं पण, पप्पा रुखवतात इटलीचं अख्खं पार्मेझान ठेवणार आहेत. आजींनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेठना बोललो, "एक अख्खं चाक पाहिजे. खरं."

"कशाला?"

"रुखवतात ठेवायला."

शेठ सिंधी. त्यांना रुखवत समजावलं. ते बोलले, "म्हणजे कुणी खाणार नाही, फक्त बघणार?"

"हो."

"मग फोटो ठेव."

मग त्यांनी खऱ्या चाकाची किंमत सांगितली. ती इथे सांगत नाही, सुनंदा हा अंक वाचणार आहे. एवढंच सांगतो की त्या पैशात दोन चाकं मिळाली असती, वर स्कूटर बसवलेली. आणि खरं, इटलीचं चाक आमच्याकडे तेव्हा नव्हतंच.

माझं तोंड बघून शेठ मला कोल्ड रूममध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात एक अर्धं चाक पडलेलं. लग्नाच्या हॉलमध्ये लाइव्ह पास्ता काउंटर असतो, तिथे केटरर असं चाक ठेवतात. आडवं अर्धं कापलेलं, आतून कोरून खोलगट केलेलं, मोठ्या परातीसारखं. त्यात गरम पास्ता ओततात, घोळवतात, बाजूचं चीज वितळून पास्त्याला लागतं, लोक मोबाइल काढतात. हे चाक तसं बरंच वापरलेलं. इटलीचं पण नाही, शेजारच्या कुठल्यातरी देशाचं. वर कंपनीचा स्टिकर आणि त्यावर हिरवा ठिपका.

शेठ बोलले, "हे ने. माझ्याकडून आहेर. उपडं ठेवलंस तर अख्खं दिसेल."

मी उपडं ठेवून बघितलं. खरंच अख्खं दिसत होतं. सालीचा रंग तसाच, जाडी बरी. मी बोललो, "सेमच आहे."

आजपर्यंत कुठल्या गिऱ्हाइकाने एवढ्या पटकन माझ्यावर विश्वास ठेवला नाही, जेवढ्या पटकन मी ठेवला.

लग्न डोंबिवलीच्या हॉलमध्ये. मी सकाळीच टेम्पोतून चाक नेलं. रुखवताच्या टेबलाच्या मधोमध चौरंग, त्यावर केळीचं पान, त्यावर चाक उपडं. डगमगायला लागलं म्हणून आत केळीची पानं कोंबली. तेवढ्यात लक्षात आलं, स्टिकरवर दुसऱ्या देशाचं नाव. नखाने खरवडून काढला, बोटाला चिकटला, झटकला, कुठे पडला बघितलं नाही. सुनंदाने आजूबाजूला रांगोळी काढली, चाकाला हळदकुंकू लावलं. लांबून बघितलं तर चीज नाही, मानाचं काहीतरी वाटत होतं.

प्राजक्ता शालू नेसून, मुंडावळ्या बांधायच्या आधी बघायला आली. चाकासमोर उभी राहिली. बोलली, "खरं आहे ना, पप्पा?"

"अगं, तुझा बाप आहे मी."

"म्हणूनच विचारतेय."

पण हसली. चाकाबरोबर सेल्फी काढला, मला पण ओढून घेतलं. त्या फोटोत तिचं तोंड असं आहे की तो आला की मी अजून पटकन पुढचा फोटो काढतो. मला त्याच वेळी सांगता आलं असतं. मी बोललो, "जा, भटजी बोलावतायत."

अक्षता पडल्या. मग वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे मंगलताई, आजी, मागे दहा-बारा साड्या. लाडू बघितले, बाहुल्या बघितल्या, आणि चाकाजवळ येऊन सगळ्या थांबल्या. मंगलताई बोलल्या, "एवढं मोठं असतं होय? मला वाटलं, वडीएवढं असेल." एका बाईने पदराने हात पुसून साल चाचपली. प्राजक्ता निखिलच्या बाजूला सोफ्यावर, मान ताठ. मी बघितलं तिकडे. तिने डोळ्यांनी मला सांगितलं, बोला आता.

मला तेवढंच पुरतं. मी सुरू झालो. गाईचं दूध कसं, वर्षानुवर्षं फळीवर कसं, उलटतात कसं, पुसतात कसं. बायका माना डोलवतायत, कुणी व्हिडिओ काढतंय. आता इथे थांबायचं ना. नाही थांबलो. बोललो, "आणि तिकडे इटलीला तपासायला माणूस येतो. त्याच्याकडे छोटी हातोडी असते. चाकावर सगळीकडून ठोकतो, कान लावतो. आवाजावरून सांगतो, आत भरीव आहे का पोकळ."

आजी बोलल्या, "म्हणजे मडक्यासारखं."

मी बोललो, "अगदी बरोबर, आजी. मडक्यासारखं."

आजींनी बोटाचं हाड पुढे केलं आणि चाकावर वाजवलं.

ढब ढब.

आजींनी परत वाजवलं, दुसरीकडून. मग कान खाली नेला. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कल्याणच्या बाजारात किती मडकी वाजवून घेतली असतील. सरळ झाल्या आणि बोलल्या, "पोकळ आहे."

मी बोललो, "ते हॉलमध्ये आवाज घुमतो."

मंगलताईंनी चाकाची एक कड उचलली. आतून केळीची पानं बाहेर आली. एकदम हिरवीगार. जणू चाकाने पान वाढायला घेतलंय.

व्हिडिओवाली बाई पुढे सरकली. सुनंदाने माझ्याकडे बघितलं नाही, ती पानं गोळा करायला लागली. प्राजक्ता उठून आलेली. तिने चाकात बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही, चिडली नाही. फक्त हळूच बोलली, "सेमच आहे ना, पप्पा?" धंद्यात मी खूप ऐकून घेतलंय, पण हे लागलं. मंगलताईंच्या ओठांवर काहीतरी यायला लागलेलं, किसणीबद्दलच असणार.

तेवढ्यात निखिल उठला. मुंडावळ्या कानामागे सारल्या, चाकाशी आला, दोन्ही हातांनी उचलून पालथ्याचं उताणं केलं. आत बोटाने खरवडून चाखलं. बोलला, "आई, हे असंच असतं. भरीव दुकानात ठेवतात. पोकळ स्वयंपाकघरात. आमच्या हॉटेलात याच्यासाठी लोक लाइन लावतात." मग आचाऱ्यांना हाक मारली, "काका, मसालेभात उतरवला का? वाफ निघतेय तो आणा. आणि कालथा."

आचारी पातेलं घेऊन आला. निखिलने चाक स्वच्छ पुसून घेतलं आणि भात आत ओतला, काजू, तोंडली, सगळ्यासकट. वाफ वर आली. शेरवानीच्या बाह्या मागे करून तो कालथ्याने कडा खरवडत भात घोळवायला लागला, कडेचं चीज सुटून भाताला लागलं, आणि गोडा मसाला आणि चीज मिळून जो वास सुटला, तो मी एवढी वर्षं या धंद्यात कधी घेतला नव्हता. लांबच्या टेबलावरची माणसं उठून यायला लागली.

पहिली वाटी त्याने आजींपुढे धरली.

आजी मागे झाल्या. बोलल्या, "निखिल्या, मी नाही. तूच सांगितलेलंस मला, इटलीच्या चीजमध्ये वासराचं काहीतरी असतं. आणि हे इटलीचं. ग्रुपवर लिहिलंय." हात माळेवर. त्यांच्या मागच्या चार बायकांनी पुढे केलेले हात मागे घेतले.

सकाळपासून मी हॉलमध्ये भेटेल त्याला, पार्किंगच्या वॉचमनला धरून, सांगत होतो की शुद्ध इटलीचं. आता तेच तोंड उघडून उलट सांगायचं होतं. नाही सांगितलं तर आजींच्या नातसुनेच्या घरचा पहिला घास माळेला न चालणारा. सांगितलं तर मुलीने ग्रुपवर लिहिलेलं खोटं पडणार. मी प्राजक्ताकडे बघितलं.

तीच बोलली, "पप्पा, सांगून टाका."

मी बोललो, "आजी, हे इटलीचं नाही. पार्मेझान पण नाही. तसलं दिसतं फक्त. शाकाहारी आहे."

निखिल बोलला, "आजी, मला आल्याबरोबर कळलं. खऱ्या पार्मेझानच्या सालीवर गोल फिरून ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं असतात. हिला एक अक्षर नाही."

आजी बोलल्या, "शाकाहारी कशावरून? हे तर सकाळपासून इटलीचं सांगतायत."

बरोबर होतं त्यांचं. माझ्या शब्दाला आता कोण विचारणार. मी बोललो, "स्टिकर होता, हिरव्या ठिपक्याचा. मीच काढला."

"कुठेय?"

मी टेबलाखाली बघितलं, खिसे बघितले, चौरंगाखाली बघितलं. वाकलो तसा सुनंदाचा आवाज आला, "अहो, तसेच राहा." तिने माझ्या कोटाच्या मागच्या टोकावरून काहीतरी ओढलं आणि आजींच्या हातात दिलं. कंपनीचा स्टिकर, हिरवा ठिपका, सगळं ठळक. सकाळपासून मी तो बुडाला लावून सगळ्यांचं स्वागत करत फिरत होतो. फोटोग्राफरने नंतर अल्बम दिला, त्यात कन्यादानाच्या फोटोत मी पाठमोरा आहे आणि सर्टिफिकेट स्पष्ट वाचता येतं.

आजींनी स्टिकर लांब धरून, जवळ धरून बघितला. मग वाटी घेतली. एक घास खाल्ला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे. दुसरा घास खाल्ला. बोलल्या, "लिंबू पिळा थोडं."

झालं. त्या बायकांचे हात परत पुढे आले. लाइन लागली ती हॉलच्या दारापर्यंत. निखिल घोळवतोय, प्राजक्ता शालूचा पदर खोचून वाट्या भरतेय, कोथिंबीर-खोबरं टाकतेय. मी शेजारी उभा राहून खोबरं किसून देत होतो, कारण संपलं, आणि किसायला दुसरं कोण होतं. मंगलताई दुसऱ्यांदा वाटी घेऊन आल्या. माझ्या हाताकडे बघत राहिल्या. खोबऱ्याचा कीस कसा एकसारखा पडतो ते किसण्यात आयुष्य काढलेल्यालाच जमतं, एवढं तरी मी बोलू शकतो. त्या बोलल्या, "आमच्या किसणीवर असा पडत नाही हो." मग प्राजक्ताला बोलल्या, "तुला येतं का गं असं?"

प्राजक्ता बोलली, "येतं. पप्पांनी शिकवलंय." मी कधीच शिकवलेलं नाही. पण म्हटलं, आज माझ्याकडून एवढं खोटं झालंय, तिचं एक चालेल.

नंतर नाव घ्यायची वेळ आली. तिने तिथल्या तिथे जुळवलं,

किसणीवर किसलं खोबरं, पडला पांढरा पाऊस,
निखिलरावांच्या भाताची साऱ्या हॉलला हौस.

बायका बोलल्या, बापाचं नाव नाही आलं. ती बोलली, "पाऊस त्यांचाच आहे."

मी मागे जाऊन नॅपकिन शोधायला लागलो. मसालेभात तिखट होता.

जेवणं संपेपर्यंत चाक खरवडून खरवडून असं पातळ झालं की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसेल. सुनंदाने ते धुऊन, तोडून घरी आणलं. सालीचे तुकडे आमटीत टाकते ती, कोकमासारखे, उकळून झालं की काढून टाकायचे. आमटीला एक वेगळीच चव येते. इटलीला पण सूपमध्ये असंच करतात, हे शेठनी मला नंतर सांगितलं. सुनंदाला सांगितलं तर बोलली, "मग त्यांना सांगा, हिंग पण टाका." फक्त आधी सालीवर मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर नाही ना ते बघून घ्या. मी एकदा न बघता आणलेली, तेव्हा आमटीवर साय आली असं समजून मी पहिला घास घेतलेला.

आता गाळ्यात नवीन मशीन आलंय. वरून तुकडा टाकायचा, खालून कीस. मी बाजूला उभा राहून बटण दाबतो. गिऱ्हाईक विचारतं, याच्याऐवजी ते चालेल का, तर मी आता "सेमच आहे" बोलत नाही. विचारतो, काय बनवताय, कोण खाणार आहे, मीठ किती टाकता. वाटतं, हे आधी विचारलं असतं तर डोंबिवलीचा तो पास्तावाला आज पाण्याची चेष्टा करत बसला नसता. चुलत भाऊ असो की तापट काका, की नावाचा हक्क नसलेलं हिरव्या ठिपक्याचं, ज्याला जिथे बसवायचं तिथे बसवलं तर सगळे कामाचे असतात. त्या दिवशी खरं पार्मेझान असतं तर निम्म्या हॉलने नुसता वरण-भात खाल्ला असता. हे मी पाठवणीच्या वेळी आजींना सांगायला गेलो. त्या गाडीत बसलेल्या, मांडीवर लाडवांचा डबा, बाजूला प्राजक्ता डोळे पुसत. मी खिडकीशी वाकून बोललो, "बघा आजी, नकली होतं म्हणून निभावलं. मी मुद्दामच तसं आणलेलं."

आजींनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. बोलल्या, "बोलणी करायला आलात तेव्हा आम्ही तुम्हाला नुसते प्रश्न विचारले. बापालाही एकदा वाजवून घ्यायला हवं होतं." आणि काच वर केली.